ओला बांध

गेनबा आणि मी वाघोलीच्या शाळेत सातवीपर्यंत एका पाटावर बसलो. पुढे मी शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात पुस्तकं शिवायच्या कामाला लागलो आणि तो शेतातच राहिला. सातवीच्या परीक्षेत चित्रकलेत त्याला शंभरपैकी अकरा मार्क होते. मला नऊ. तेव्हा चित्राबद्दल मी इथे जे काही लिहीन ते त्याच बेताने घ्यावं. गेनबाबद्दल मात्र खुशाल विश्वास ठेवावा.

नगर रस्त्याला लागून त्यांची सात एकर जमीन होती. थोरला हिंदुराव, धाकटा गेनबा. वडील गेल्यावर वाटण्या झाल्या. पूर्वेचे साडेतीन एकर हिंदुरावाला, पश्चिमेचे साडेतीन गेनबाला, मधे बांध. ब्याऐंशी साली नांगरताना गेनबाचा बैल बुजला आणि नांगर हातभर बांधात घुसला. हा गेनबाचा जबाब. हिंदुरावाच्या जबाबात बैलाचा उल्लेख नाही.

खटला बावीस वर्षं चालला. या बावीस वर्षांत दोघे सख्खे भाऊ एका विहिरीचं पाणी प्यायले, एकमेकांच्या पोरांच्या लग्नात पंगतीला बसले, पण एकमेकांशी बोलले नाहीत. काही सांगायचंच झालं तर बैलाला सांगायचे. "उद्या लाइट दुपारची येणार हाय रं सर्ज्या," असं हिंदुराव आपल्या बैलाच्या कानात ओरडायचा, आणि दुसऱ्या दिवशी गेनबा बरोबर दुपारी मोटर चालू करायला जायचा. सर्ज्याला बातम्या फार कळायच्या.

दोन हजार चार साली एका कंपनीला काचेची इमारत बांधायला नेमकी ती सात एकर आवडली. मात्र दोन तुकडे नको होते, सलग हवी होती. म्हणजे ज्या बांधापायी तीन वकील म्हातारे झाले, तो बांध कंपनीला नकोच होता. दोघांना एका दिवशी रजिस्ट्रार कचेरीत बोलावलं आणि जागा नव्हती म्हणून एका बाकावर बसवलं. कारकुनाने मान वर न करता विचारलं, "एकमेकांचे कोण?" दोघं एकदम म्हणाले, "सख्खे भाऊ." बावीस वर्षांत दोघांचं एखाद्या मुद्द्यावर एकमत झाल्याची ही पहिलीच नोंद. तीही सरकार दप्तरी. बाहेर आल्यावर दोघांनी भेळ खाल्ली.

मग घरं बांधली ती शेजारी शेजारी, आणि पुढची ओसरी दोघांत एक ठेवली. गेनबाच्या मुलाने, विश्वजीतने, मधे ग्रिल टाकायचं म्हटलं तर दोन्ही म्हातारे त्याच्यावर धावून गेले. रोज सकाळी सात वाजता हिंदुराव ओसरीवर येऊन बसायचा आणि गेनबाची बायको प्रेमला दोघांना चहा द्यायची. बोलणं बावीस वर्षांचं साठलेलं. अठ्ठ्याऐंशी सालच्या अवकाळी पावसावर ते दोघं ओळीने चार दिवस बोलले, आणि तो पाऊस पडला होता दीड दिवस.

गेनबा मला एकदा म्हणाला, "बापूराव, जमीन गेल्याचं काय न्हाई. कधी न कधी जायाचीच. पण दादा परत गप झाला तर माझ्यापाशी आता दुसरी बावीस वर्षं न्हाईत."

हे त्याने गंमत म्हणून सांगितलं नव्हतं. पुढचं सगळं वाचताना एवढं वाक्य ध्यानात ठेवावं.

जमीन गेल्यावर गेनबाला दिवस मोठा वाटायला लागला. ज्याच्या गोठ्यात चार म्हशी होत्या तो सकाळी सहा वाजता उठून चौकातून कात्रजच्या दुधाची पिशवी आणायचा आणि अर्ध्या तासात त्याचा दिवस संपायचा. म्हणून रविवारी तो माझ्याकडे यायचा. मनपाच्या स्टँडला बसमधून उतरून, नव्या पुलावरून चालत शनिवारात. असाच एका रविवारी तो आमच्या जिन्यापाशी थबकला आणि नाक वर करून उभा राहिला.

"बापूराव, वर जवसाचं तेल कोण तापवतंय?"

आमच्या डोक्यावर पहिल्या मजल्यावर लिमये बाईंचा चित्रकलेचा क्लास होता. द्वारका लिमये. शाळेतून निवृत्त झालेल्या. जिन्यात त्यांची पाटी होती: "रंग सांडल्यास जिना पुसून जावे. न सांडल्यासही." मी तीस वर्षं त्या पाटीखालून जात होतो, पण वर जायचं धाडस केलं नव्हतं. गेनबा पाटी न वाचता वर गेला. मागोमाग मी, जिना न पुसता.

"जवसाचं त्याल कशाला वाया घालवताय?" त्याने दारातूनच विचारलं.

"वाया नाही, रंगात घालतोय," बाई म्हणाल्या. "आपण कोण?"

"मी गेनबा, वाघोलीचा. आमच्यात जवस चटणीला."

"आमच्यात चित्राला. आत यायचं असेल तर या. दारातच थांबायचं असेल तर उजेड सोडून थांबा."

गेनबा आत गेला. जवस त्याने स्वतः पंचवीस वर्षं पेरला होता. त्यापासून तेल निघतं, तेलात रंग कालवतात आणि त्या रंगाने झाड काढतात, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आपला माल शेवटी कुठे जातो हे शेतकऱ्याला कळतच नाही. त्या दिवशी कळलं, म्हणून त्याने क्लास लावला. एवढं साधं कारण. लोक उगाच अंतःप्रेरणा वगैरे म्हणतात.

क्लासला बाकीची सहा जणं. चार सॉफ्टवेअरमधली. त्यात एक दिग्विजय नावाचा अमरावतीकडचा मुलगा होता. गेनबाने त्याची चौकशी केली.

"कुठं असतोस?"

"काका, ऑफिस वाघोलीलाच. ती ग्लासची बिल्डिंग आहे ना, त्यात. थर्ड फ्लोअर."

गेनबाने हातातला ब्रश खाली ठेवला. "लिफ्टच्या कुठल्या अंगाला?"

"राइटला. पिलरच्या बाजूला माझी सीट."

"आन रस्ता?"

"मागे."

गेनबाने डोळे मिटून जरा हिशेब केला. "म्हंजे तू बांधावर बसतोस," तो म्हणाला. "जरा उजवीकडं सरकलास तर दादाच्या रानात जाशील. सांभाळून."

दिग्विजयला यातलं काही कळलं नाही. पण त्या दिवसापासून तो खुर्ची सरकवताना बिचकतो, असं त्याने मला स्वतः सांगितलं.

आता शिकणं. बाई म्हणाल्या, आधी चित्राचे मोठे भाग करा. आभाळ, डोंगर, जमीन. पानं, फुलं, कणसं सगळ्यात शेवटी. गेनबाने मान डोलावली आणि खालच्या उजव्या कोपऱ्यातून ज्वारी पेरायला घेतली. एक ओळ डावीकडे, तिथून वळून दुसरी उजवीकडे, जसं औत वळतं तसं. तीन तासांत दोन बोटं रुंदीची पेरणी झाली.

"अहो, हे चित्र आहे," बाई म्हणाल्या. "कणसं मोजायची नाहीत."

"मोजत न्हाई. यंदा किती हुईल त्याचा अंदाज घेतोय."

"आणि आभाळ कुठे आहे?"

"ते वरचंच हाय. कुठं जातंय."

दुसऱ्या खेपेला हिरव्या रंगावरून झालं. गेनबाने हिरव्या रंगाची ट्यूब पिळली तर बाईंनी ती काढून घेतली. हिरवा आपण बनवायचा, पिवळा, निळा आणि चवीपुरता तांबडा.

"हिरव्यात तांबडा?" गेनबा म्हणाला. "बाई, हे काय बरोबर वाटंना."

"आपल्या पिकाखाली माती नव्हती का?"

घरी जाताना पुलावर गेनबा मला म्हणाला, "बाई शेती केलेली वाटतीया." बाईंच्या सात पिढ्यांत कोणी कुंडीपलीकडे शेती केलेली नव्हती, पण मी त्याला तसंच वाटू दिलं. गेनबाने एखाद्याला जमीन दिली तर आपण का काढून घ्यायची?

एका बाबतीत मात्र तो सगळ्या क्लासच्या पुढे होता. काम झालं की ब्रश धुवायचे. सॉफ्टवेअरवाली मुलं ते टर्पेंटाइनमध्ये बुडवून घरी पळायची. गेनबा ते साबण लावून, चोळून, बैलाला ओढ्यावर धुवावं तसे धुवायचा आणि शेवटी केस सरळ करून उन्हाला ठेवायचा. बाईंनी सगळ्यांना बोलावून ते दाखवलं. गेनबाचं चित्र त्यांनी अजून कोणाला दाखवलं नव्हतं.

क्लासमध्ये कॅलेंडरवरचं चित्र उतरवायला बंदी होती. बर्फाचे डोंगर आणि लाल कौलाचं घर काढणाऱ्याला बाई विचारायच्या, "भाडं किती देता तिथलं?" ज्याने त्याने स्वतः पाहिलेलं काढायचं. गेनबाने ठरवलं, आपलं रान काढायचं. पश्चिमेच्या टेकाडावर उभं राहून पूर्वेला बघितलं की दिसायचं तसं. आधी आपली ज्वारी, मग बांध, मग हिंदुरावाचा हरभरा, मग आंब्याचं झाड, मागे डोंगर. टेकाड आता नव्हतं, ते इमारतीच्या पार्किंगखाली गेलं होतं. पण त्यावर चाळीस वर्षं उभं राहिलेल्या माणसाला टेकाड लागत नाही.

इथे बाईंनी त्याला जवळचं आणि लांबचं शिकवलं.

"जवळचं मोठं दिसतं, लांबचं लहान. म्हणून आपलं शेत मोठं येईल आणि भावाचं ही एवढी पट्टी."

"पण दोन्ही साडेतीन एकर हायेत, बाई."

"असतील. दिसतात का?"

"सातबाऱ्यावर सारखी हायेत."

"ते तलाठ्याचं चित्र. आपल्याला दिसतं ते काढायचंय."

गेनबा पुढच्या रविवारी मुद्दाम नव्या पुलावर थांबला. नदीकाठची माणसं बोटाएवढी दिसत होती. त्याने अंगठा डोळ्यापुढे धरला आणि एक अख्खी बस झाकून टाकली. "बाई खोटं बोलत न्हाईत," तो मला म्हणाला. त्यानंतर त्याने बाईंचं सगळं ऐकलं. आभाळ आधी केलं. डोंगराला निळसर झाक दिली. आपली ज्वारी चित्राच्या अर्ध्या भागात पसरली आणि हिंदुरावाचा हरभरा वर दोन बोटांत बसवला. तीन महिने लागले. शेवटी बाई लांब जाऊन, डोळे बारीक करून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "डोंगर जरा चुकलाय. बाकी वाईट नाही." शनिवार पेठेत याला सत्कार म्हणतात.

चित्र दोन फूट बाय तीन फूट आणि रंग ओला. बाईंनी बजावलं, तैलरंग आहे, वाळायला पंधरा-वीस दिवस लागतील, कोणाला हात लावू देऊ नका. एक बाजू गेनबाने धरली, एक मी. बसमध्ये चढलो आणि कंडक्टर "ओला रंग, ओला रंग" ओरडला तशी लोकांनी बसायला जागा दिली. इतक्या वर्षांत त्या बसमध्ये मला जागा मिळायची ही पहिलीच वेळ. म्हाताऱ्यांनी नेहमी जवळ ओला रंग ठेवावा.

ओसरीवर पोचलो तेव्हा हिंदुराव तिथेच बसला होता. गेनबाने चित्र स्टुलावर भिंतीला टेकवून ठेवलं आणि लग्नातल्या मुलीच्या बापासारखा बाजूला उभा राहिला.

हिंदुरावाने चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. आंबा ओळखला. डोंगर ओळखला. मग म्हणाला, "ब्येस झालंय. माझं कुठंय?"

गेनबाने काडीने दाखवलं. "हे. हरभरा हाय."

"हे? एवढं?"

"तुमचं लांब हाय ना, दादा. लांबचं बारीक दिसतं. तसा नियमच हाय."

"कुणाचा?"

"लिमये बाईंचा."

हिंदुराव उठला. धोतर झटकलं. "आन मीच कशापायी लांब?" एवढं म्हणून तो आपल्या घरात गेला. प्रेमलावहिनी चहाचे कप घेऊन बाहेर आली तेव्हा ओसरीवर आम्ही दोघं आणि चित्र. जास्तीचा कप मी घेतला. तो चहा संपायला बराच वेळ लागला.

इथून पुढचं मला गेनबाने आणि प्रेमलावहिनीने वेगवेगळं सांगितलं. दोघांचं जिथे जुळलं तेवढंच लिहितो.

दुसऱ्या दिवशी सात वाजता हिंदुराव आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी गेनबाने त्याला त्याच्या दारातून मोठ्याने बोलताना ऐकलं, "आज पाणी कमी येणार हाय बरं का." समोर बैल नव्हता. तो स्कूटरला सांगत होता. ब्याऐंशी साल असंच सुरू झालं होतं.

त्याच सकाळी त्याचं चित्राकडे लक्ष गेलं. बांध हलला होता.

त्याने चष्मा पुसला आणि परत बघितलं. बांध अर्धं बोट खाली आला होता. वरची हरभऱ्याची जागा तेवढी वाढली होती आणि ज्वारीच्या मागच्या दोन ओळी गेल्या होत्या. ओल्या रंगावरून कोणीतरी अंगठा ओढला होता. काम सफाईचं होतं. कडा सरळ होती. गावात असा बांध कोरणारे दोनच हात होते आणि त्यातले दोन्ही याच ओसरीवरचे.

पाचव्या दिवशी आणखी अर्धं बोट. प्रेमलावहिनी म्हणाली, "अवो, मोठ्या भावजींच्या अंगठ्याला हिरवं लागलंय. आंघुळीनंबी जात न्हाई."

"तू काय इचारलंस का त्यास्नी?"

"मी कशाला इचारू? त्यांनी हात पाठीमागं धरला व्हता. त्यांनाबी ठावं हाय."

रविवारी गेनबा क्लासला आला तो चित्र न घेता. सगळ्यांसमोर हकिगत सांगितली. दिग्विजय म्हणाला, "काका, सिंपल आहे. वेबकॅम लावू. रेकॉर्ड होईल. प्रूफ."

"प्रूफ माझ्यापाशी पयलं हाय," गेनबा म्हणाला. "बावीस वर्षांचं. दोन ट्रंका भरून. त्याचं काय झालं?"

"चित्र घरात नेऊन ठेवा," बाई म्हणाल्या. "इतकं साधं आहे."

"घरात न्यायचं म्हंजे मला कळलंय हे त्याला कळंल."

"मग कळू दे की."

"आन मग मला बोलावं लागंल. मी बोललो की तो बोलंल. न्हाई बाई. तसलं बोलणं आमचं झालंय सगळं." मग त्याने जरा घुटमळून विचारलं, "वाळायला अजून किती दिवस?"

"आठ-दहा. तोवर लक्ष ठेवा म्हणजे झालं."

"तसं न्हाई. लवकर वाळू नये म्हणून काय करत्यात?"

बाईंनी पहिल्यांदाच त्याच्याकडे चष्म्यावरून न बघता चष्म्यातून बघितलं. "जवसाचं तेल जास्त असलं की रंग उशिरा वाळतो. पण का?"

"त्याला अजून लागतील चार दिवस," गेनबा म्हणाला. "निम्म्याला आलाय."

त्या दिवशी तो छोटी बाटली भरून तेल घेऊन गेला. रोज संध्याकाळी, हिंदुराव देवळात गेला की, गेनबा ब्रशने ज्वारीवर तेलाचा हलका हात फिरवायचा, बांधापासून खाली चार बोटं. तिथला रंग लोण्यासारखा मऊ राहायचा. आणि सकाळी दुधाची पिशवी आणायला त्याला आता अर्ध्या तासाऐवजी पाऊण तास लागायला लागला. चौकात तो पिशवी घेऊन दुधवाल्याशी हवापाण्याच्या गप्पा मारायचा. फाटकाशी आला की तीनदा खोकायचा, चप्पल आपटायचा, मग आत यायचा. ओसरीवर कोणी नसायचं. बांध अर्धं बोट खाली आलेला असायचा.

प्रेमलावहिनीने एकदा खिडकीतून बघितलं. हिंदुराव खाली वाकून, एका हाताने गुडघा धरून, दुसऱ्या हाताचा अंगठा पट्टी लावल्यासारखा ओढत होता आणि मधूनच मागे सरून एक डोळा मिटून बघत होता. "तुमच्या बाईंच्या क्लासात गेल्यावानी," ती गेनबाला म्हणाली.

मी बाराव्या दिवशी गेलो. गेनबानेच फोन करून बोलावलं. म्हणाला, "येऊन बघ. काम पुरं झालंय, पण भानगड झालीया."

भानगड अशी. बांध बरोबर मध्यावर आला होता. ज्वारी जेवढी, त्याच्या वर तेवढीच हिंदुरावाची जागा. सुतानं मोजल्यासारखी. पण ओला रंग ओढत आणला म्हणजे त्याच्याबरोबर सगळंच ओढून येतं. बांधाचा तपकिरी, ज्वारीचा पिवळा, हरभऱ्याचा हिरवा, सगळं एक होऊन मधल्या जागेत नुसता राखाडी चिखल झाला होता. वर दोन बोटं हरभरा आणि खाली पड. हिंदुरावाला रान मिळालं होतं, पण त्यात पीक नव्हतं.

तुम्ही शहरातले असाल तर सांगतो. शेतकरी दुसऱ्याचा बांध कोरील, वाट अडवील, पाणी तोडील, आणि संध्याकाळी शांतपणे जेवेल. पण आपल्या नावचं रान पडीक दिसलं तर त्याला घास जात नाही. येणारा-जाणारा बघतो. म्हणतो, हातपाय चालत नाहीत वाटतं याचे.

आम्ही ओसरीवर बसून होतो. सकाळचे अकरा असतील. हिंदुरावाचं दार उघडलं. तो बाहेर आला, खांबापर्यंत गेला, परत आला. चित्राकडे बघितलं नाही. मग बघितलं.

"ही पड कुणाची ठिवलीय?" त्याने विचारलं. खांबाला विचारलं.

गेनबा खांबाच्या वतीने म्हणाला, "तुमचीच हाय."

"मग पेर की. रंग हाय ना तुज्यापाशी?"

"तुमच्या रानात मी कसा पेरू, दादा?"

मी जमिनीकडे बघत राहिलो. अशा वेळी तिसऱ्या माणसाने फरशीवरचं डिझाइन बघावं.

हिंदुराव आत गेला. आता काही तो येत नाही असं मला वाटलं. तो परत आला तेव्हा सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या होत्या. स्टुलासमोर मांडी घालून बसला आणि हात पुढे केला. अंगठा मुळापर्यंत हिरवा. लपवला नाही. गेनबाने त्याच्या हातात ब्रश दिला. हिंदुरावाने तो खुरप्यासारखा मुठीत धरला.

"तसं न्हाई. पेन्सलीवानी धरा."

"मला पेन्सल कधी दिली व्हती मास्तरनं?"

"मग ऱ्हाऊ द्या तसाच. पण दाबू नका."

गेनबाने पिवळा काढला, निळा काढला, कालवला. त्यात किंचित तांबडा घातला.

"हिरव्यात तांबडा?" हिंदुराव म्हणाला. "बिघडवशील."

"माती हाय ती. तुमच्या पिकाखाली माती न्हाई का?"

हिंदुरावाने यावर विचार केला. "काय पेरायचं?"

"हरभरा व्हता की तुमचा."

"कोणत्या साली?"

"मी काढलंय ते नव्वद सालचं."

"नव्वदला मी कांदा लावला व्हता."

"कांदा ब्याण्णवला, दादा. नव्वदला हरभरा. घाटेअळी पडली व्हती, आठवा की."

"माझ्या रानात काय व्हतं ते तू मला सांगणार?"

"मी पल्याड उभा राहून रोज बघतच व्हतो!"

हिंदुराव त्याच्याकडे वळला. "बघत व्हतास?"

"दुसरं काय करणार? बोलायचं तर बंद व्हतं."

हिंदुराव परत चित्राकडे वळून म्हणाला, "हरभराच आसंल," आणि पेरायला सुरुवात केली. खालच्या उजव्या कोपऱ्यातून. एक ओळ डावीकडे, वळून दुसरी उजवीकडे. प्रेमलावहिनीने आतून ओरडून विचारलं, चहा किती जणांचा टाकू? गेनबा म्हणाला, हे काय इचारणं झालं.

पेरणीला सहा दिवस लागले. हिंदुरावाने हरभऱ्याचा एकही घाटा सोडला नाही.

महिन्याभराने चित्र पूर्ण वाळलं तेव्हा दोघांनी मिळून ते बसने क्लासला आणलं. या खेपेला रंग सुका असल्यामुळे कोणी जागा दिली नाही. बाईंनी ते उजेडात ठेवलं आणि लांब जाऊन उभ्या राहिल्या. हिंदुराव दारात, पण उजेड सोडून उभा होता.

"गेनबा, लांबचं शेत जवळच्या शेताएवढं. त्यातला हरभरा ज्वारीएवढा उंच. हे कुठे दिसतं असं?"

गेनबा चित्राशेजारी जाऊन उभा राहिला.

"हरकत नाही," बाई म्हणाल्या. "तैलरंगाचं हेच बरं असतं. वाळला तरी वरून दुरुस्त करता येतो. ब्रश घ्या. बांध वर नेऊ."

गेनबाने दोन्ही हात मागे घेतले. "बाई, तुम्ही म्हणाल ते करतो. आभाळ बदला म्हणालात तर बदलतो. आंबा काढा म्हणालात तर आंबा काढतो. बांधाला हात लावायचा न्हाई."

बाईंनी चित्राकडे बघितलं, मग दारात उभ्या असलेल्या हिंदुरावाकडे. त्याने चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसायला घेतला होता.

"मग डोंगर हलवा," बाई म्हणाल्या. "तो तसाही चुकलेलाच आहे."